घरची दुभाषी

प्रिय बाळा,

फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर माझी जीभ कशी घसरते ते तुला पुढे कळेलच. म्हणून कागद घेऊन बसले आहे. हा चौथा. आधीचे तीन फाडले, कारण वाचून पाहिले तर तिन्हींत मीच फार शहाणी दिसत होते. घर ठीक आहे. स्वयंपाकघरातला नळ पुन्हा गळतोय. शेजारच्या मास्तरीणबाई रोज चहाला हाक मारतात आणि मी रोज काहीतरी सबब सांगते. परवा बाबांच्या चष्म्याच्या दुकानाचं शटर अर्धं वर केलं. टेबलावर एक चष्मा पडला होता, एकच काच बसवलेला. कुणाचा कोण जाणे. शटर खाली ओढलं आणि परत आले.

आमच्या इस्पितळात एक नवीन दुभाषी मुलगी रुजू झाली आहे. तिला शिकवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. तेच ते, तुला लहानपणापासून तोंडपाठ असलेलं. आपली खुर्ची रुग्णाच्या जरा मागे ठेवायची, म्हणजे डॉक्टर आणि रुग्ण एकमेकांकडे बघतात, आपल्याकडे नाही. रुग्ण 'मला भीती वाटते' म्हणाला की आपणही 'मला भीती वाटते' असंच म्हणायचं, 'त्यांना भीती वाटते' असं नाही. त्यानं शिवी दिली तर शिवी द्यायची. नातेवाईक बाजूला घेऊन म्हणतात, बाई, जरा सौम्य करून सांगा. तिथे विरघळायचं नाही. सव्वीस वर्षांत मी एक शब्द पदरचा घातला नाही की गाळला नाही, असं मी तिला चांगलं ठासून सांगितलं. त्यावर ती बिचारी म्हणाली, मग घरी गेल्यावर तुम्हाला किती मोकळं वाटत असेल. मी पाणी पिण्याच्या निमित्तानं उठले.

कारण घरी मी उलटाच धंदा केला. नऊ वर्षं तुझ्या आणि बाबांच्या मध्ये मी खुर्ची टाकून बसले आणि एकही वाक्य जसंच्या तसं पोचवलं नाही. तू परगावची नोकरी धरलीस आणि बाबांना ते एका गिऱ्हाइकाकडून कळलं, तोवर त्यांनी दुकानाची पाटी नव्यानं रंगवून घेतली होती, खाली 'आणि कन्या' असं लिहून. तू सांगायला घाबरलीस, त्यांनी विचारायचं कधी मनातच आणलं नाही. मग ते म्हणाले, मला तोंड दाखवू नकोस. तू म्हणालीस, तुम्ही स्वतः बोलावल्याशिवाय या घरात पाऊल ठेवणार नाही. दोघंही शब्दाचे पक्के, माझं नशीब! पाटी मात्र त्यांनी बदलली नाही. विचारलं तर म्हणायचे, रंग महाग झालाय.

तेव्हापासून दर रविवारी तुझा फोन यायचा आणि माझी कारागिरी सुरू व्हायची. तू केस कापल्याचा फोटो पाठवलास, तेव्हा बाबा म्हणाले, ही काय दशा करून घेतली आहे. मी तुला सांगितलं, बाबांना फोटो आवडला. तू म्हणालीस, त्यांना काय पडलंय माझं. मी त्यांना सांगितलं, ती तुमच्या गुडघ्याची चौकशी करत होती. ते चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, गुडघा कालपासून दुखतोय, तिला आजच कसा कळला? मी भाजी ढवळायला लागले. तुलाही सगळं कळत होतं, मला माहीत आहे. आई, हे तुझं वाक्य आहे, असं तू हसून म्हणायचीस. तू हसतेस यातच मी समाधान मानत होते. वाटायचं, तेवढी ऊब तरी टिकून राहील.

तुला आठवतं, तू आठ वर्षांची असताना बाबांशी किती हुज्जत घालायचीस? झोपायची वेळ झाली म्हटलं की पुरावा मागायचीस. म्हणून त्यांनी तुला 'वकीलसाहेब' नाव ठेवलं. तू जिंकलीस की ते टेबलावर दोनदा टकटक करून म्हणायचे, केस हरलो, आणि स्वतःचा चष्मा काढून तुझ्या नाकावर चढवायचे. तो सारखा घसरायचा आणि तू मान वर करून घरभर फिरायचीस. तू गेल्यावर ते नाव त्यांच्या तोंडून पुन्हा आलं नाही. 'तुझी मुलगी' म्हणायचे. मलाही ते नाव उच्चारायची छाती झाली नाही. हे लक्षात ठेव, पुढे लागेल.

आता त्या मंगळवारचं सांगते. आमच्याच इस्पितळात, तिसऱ्या मजल्यावर. हृदय थकलंय, असं डॉक्टर म्हणाले होते. तेही मी माझ्या मनाशी जसंच्या तसं घेतलं नव्हतं, आणि तुलाही तसं सांगितलं नव्हतं. दुपारी बाबांनी तोंडावरचा प्राणवायूचा मुखवटा हातानं वर केला आणि तुला द्यायचा निरोप सांगितला. दोन श्वासांत सांगितला, मुखवटा परत लावला, आणि मला हातानंच 'जा' अशी खूण केली. मी धावत बाहेर व्हरांड्यात आले आणि तुला फोन लावला. आणि मी तुला सांगितलं, बाळा, बाबांना तुझी फार आठवण येते, ते म्हणतात माझंच चुकलं, तू लवकर ये गं. तू थकल्यासारखी हसलीस. म्हणालीस, आई, बाबा असं बोलतात का कधी? शनिवारी येते, तुझ्यासाठी येते, बाहेरच भेटू.

तुझं काही चुकलं नाही. ते वाक्य खरंच माझं होतं. 'बाळा' हा माझा शब्द, त्यांचा नव्हे. निरोप खरा होता, पण मी सवयीनं तो धुऊन, इस्त्री करून दिला. अनोळखी माणसांसाठी जे काम मी झोपेतही चोख केलं असतं, ते एकदाच माझ्या माणसांसाठी करायचं होतं, आणि तेवढ्यातच माती खाल्ली.

एवढ्यावर थांबले नाही. आत जाऊन त्यांना सांगितलं, ती उद्या सकाळी येतेय. बुधवारी सकाळी त्यांनी वॉर्डबॉय मामांकडून दाढी करून घेतली. दाराकडे तोंड येईल अशी उशी लावून घेतली. चादरीच्या टोकानं चष्मा पुसला, मग परत एकदा पुसला. सव्वाअकराला गेले. चष्मा हातातच होता.

तू संध्याकाळी आलीस आणि रडली नाहीस. दोन दिवसांनी त्यांच्या सदऱ्यांच्या घड्या घालताना, माझ्याकडे न बघता म्हणालीस, एकदा तरी त्यांनी बोलवायला हवं होतं ना गं, आई. मी तेव्हाच सांगायला हवं होतं. मी कपाट आवरत राहिले. दोन महिने मी स्वतःला समजावतेय की तुला न कळलेलंच बरं. ते बोलावणारे नव्हतेच, असं समजून तू रागावशील, आणि राग काही काळानं उतरतो. कळलं, तर तू जन्मभर त्या मंगळवारपाशी अडकून पडशील. मला ती भीती वाटते. अजून वाटते. पण भीतीपायी नऊ वर्षं मी दोघांना सांभाळून घेत राहिले, आणि शेवटी दोघांनाही एकमेकांचं काही ऐकूच आलं नाही. तुला रागवायचंच असेल तर माझ्यावर रागव, त्यांच्यावर नको, आणि स्वतःवर तर मुळीच नको. शनिवार तुला माझ्या वाक्यानं दिला होता.

म्हणून हे पत्र. त्यांचा निरोप माझ्याकडे राहून गेला आहे, तो आज पोचवते. खुर्ची मागे सरकवली आहे, माझ्याकडे बघू नकोस, त्यांच्याकडे बघ. शब्द त्यांचे आहेत, मधला श्वास तेवढा मी टिंबांनी दाखवलाय. खाटेच्या कडेवर त्यांनी आधी बोटानं दोनदा टकटक केलं, आणि म्हणाले: "वकीलसाहेबांना सांग, केस हरलो... निकाल ऐकायला तरी या म्हणावं."

तुझीच,
आई