दोन नव्या डिस्क आणि दोन उरलेले स्क्रू

सोमवार, ३ फेब्रुवारी. सकाळी ११

आजपासून कामाची रोजनिशी. चौतीस वर्षं आवक-जावक विभागात काढली, त्यातली शेवटची नऊ विभागप्रमुख म्हणून. काम नोंदीवर आलं की अर्धं झालं, एवढं तरी शिकलो. उरलेलं अर्धं सहसा दुसरं कोणीतरी करायचं. घरी दुसरं कोणी नाही.

विषय: कॉम्प्युटर. फोटोंची जुनी हार्ड डिस्क टक् टक् करते आहे. घड्याळासारखी नियमित नाही, दुखऱ्या दाढेसारखी मधूनच. लेकीला फोनवर आवाज ऐकवला. म्हणाली, बाबा, ती जायच्या वाटेवर आहे, असेल नसेल ते आधी दुसरीकडे काढा.

दोन नव्या डिस्क आणल्या. एक मूळ प्रत, एक कार्यालयीन प्रत. दुकानदार म्हणाला, सीपीयू घेऊन या, दहा मिनिटांत बसवून देतो. मी नुसता हसलो.

हिने एक मागणी पुढे केली आहे. बाकी सगळं सावकाश करा, आईचा तेवढा व्हिडिओ आधी माझ्या फोनवर घालून द्या. सासूबाई गेल्या वर्षी गेल्या. बोलता-हसतानाचा त्यांचा हा एकच व्हिडिओ. रविवारी चार वाजता हिची भावंडं येणार आहेत, त्यांना दाखवायचा आहे. मी समजावलं, कामाला क्रम असतो. फोल्डरना मी क्रमांक दिलेत. क्रमांक एक, माझा निवृत्ती समारंभ. क्रमांक सत्तावीस, सासरची मंडळी व इतर. रविवारपर्यंत नंबर लागेल. आज तर सोमवार.

व्हिडिओत सासूबाई सगळा वेळ मला हसतात. निर्णयाशी त्याचा काही संबंध नाही.

मंगळवार, ४ फेब्रुवारी. दुपारी १२.३०

सीपीयू उघडला. आत इतकी धूळ की खुरपं लागलं असतं. चौदा स्क्रू निघाले. वाटीत ठेवले, वाटीवर चिठ्ठी लावली: स्क्रू, हलवू नयेत. डिस्क बसवल्या, केबलींना लेबलं लावली, झाकण बंद केलं. दोन स्क्रू उरले. कंपनी जास्तीचे देत असावी.

१.१५. चालू केला. जुनी डिस्क दिसते. नव्या दिसत नाहीत.

लेकीने सांगितलं होतं तसं 'डिस्क मॅनेजमेंट' नावाचं पान उघडलं. उघडल्या उघडल्या एक चौकट पुढे आली, काहीतरी विचारत होती. कॅन्सल केलं. माझा नियम आहे: आपणहून पुढ्यात आलेल्या कागदावर पहिल्या दिवशी सही करायची नाही. खरी गरज असेल तर माणूस परत येतो.

हिने पुन्हा व्हिडिओचं विचारलं. क्रम, असं म्हणालो.

बुधवार, ५ फेब्रुवारी. सकाळी ९.४०

आज मुळापासून तपास. कॉम्प्युटर चालू होता होता एक बटण दाबलं की त्याच्या पोटातलं पान उघडतं. ते बटण वेळेवर दाबायला हवं. अकराव्या खेपेला जमलं. तिथे दोन्ही नव्या डिस्क नावानिशी, आकारानिशी हजर. म्हणजे हा त्यांना ओळखतो, पण चारचौघांत ओळख दाखवत नाही. ऑफिसात असे पुष्कळ पाहिले.

डिस्कचं पान उघडलं. चौकट. कॅन्सल. केबली बदलल्या, पुन्हा चौकट, पुन्हा कॅन्सल. दिवसभरात नऊ वेळा. चिकाटी वाखाणण्यासारखी आहे, पण मीही काल नोकरीला लागलेलो नाही.

ही म्हणाली, दरवेळी बंद-चालू करता तेव्हा जुनी डिस्क जास्त टकटकते, लेक सांगत होती, व्हिडिओ काढायला चार मिनिटं लागतील. मी म्हटलं, लेकीला अनुभव कमी. ती कॉम्प्युटरच्याच कंपनीत आहे हे मान्य. पण आवक-जावकमध्ये नाही.

धाकट्या मेव्हण्याचाही फोन येऊन गेला. त्याला यातलं कळतं असा हिच्या माहेरी समज आहे. शनिवारी येऊन बघू का म्हणाला. आभार मानून नको म्हटलं. या माणसाने एकदा आमचं भिंतीवरचं घड्याळ सरळ केलं होतं, न विचारता.

गुरुवार, ६ फेब्रुवारी. दुपारी ३

निष्कर्ष: डिस्क खराब. दोन्ही काढून दुकानात गेलो. जाताना हिला कॉम्प्युटरवर लक्ष ठेवायला सांगितलं, हात लावू नकोस असंही सांगितलं.

दुकानदाराला सुनावलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, स्क्रीनवर काही येतं का? नाही म्हणालो. हे खोटं नाही. जे निकाली निघालं ते प्रलंबित धरत नाहीत. त्याने डोकं खाजवलं आणि दोन्ही डिस्क बदलून दिल्या. डिस्क खराब असल्याशिवाय कोण बदलून देतो?

घरी आलो तर सीपीयू कोमट. हिला विचारलं. म्हणाली, पुसत होते.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी. सकाळी १०.२०

बदललेल्या डिस्कही दिसत नाहीत. दुकानदाराने त्याच खोक्यातल्या दिलेल्या दिसतात.

लेकीने व्हिडिओ कॉल केला. म्हणाली, बाबा, स्क्रीन दाखवा बरं. दाखवण्याआधी ती चौकट बंद केली. पाहुणे यायचे म्हटल्यावर टेबल आवरतोच की आपण. लेकीने बराच वेळ पाहिलं. म्हणाली, कमाल आहे, कॉम्प्युटरने स्वतःहून विचारायला हवं. मी म्हटलं, विचारून विचारून काय विचारणार.

ही आज व्हिडिओचं काही बोलली नाही. सकाळीही नाही, जेवतानाही नाही. माझ्या पद्धतीवर विश्वास बसला असावा.

शनिवार, ८ फेब्रुवारी. सकाळी ११.१५

जुनी डिस्क आता दर मिनिटाला टकटकते. मधेच दिसते, मधेच नाहीशी होते. सीपीयूवर उशी ठेवून पाहिली. आवाज कमी झाला. सुधारणा आहे.

सायंकाळी ५. सुधारणा नाही. अर्धा तास डिस्क दिसलीच नाही. मग दिसली. त्या अर्ध्या तासात वाटीतले स्क्रू चारदा मोजले. दोनच. ही बाहेर बसून उद्याच्या खुर्च्या मोजत होती. अजूनही विचारत नाही. विचारलं असतं तर चिडता तरी आलं असतं.

सोमवारी चार मिनिटांचं काम होतं. हे वाक्य फक्त इथे लिहितो आहे.

रविवार, ९ फेब्रुवारी. सकाळी ८.३०

पान उघडलं. चौकट आली. कॅन्सल करणार तेवढ्यात ही चहा घेऊन आली, म्हणून उजवा हात कपात अडकला. हिची वीस वर्षं वाचनालयात गेली. पुढ्यात येईल ते वाचायची खोड आहे. उभ्या उभ्या चौकट वाचली.

म्हणाली, अहो, ही म्हणतेय, दोन नव्या डिस्क सापडल्या, वापरण्याजोग्या करून देऊ का.

विचारलं, ही आधी आली होती का. म्हटलं, येते अधूनमधून. किती वेळा? रोजनिशी आणि पाठकोऱ्या कागदावरची टिपणं मिळून हिशोब लागला: सव्वीस.

हिने माझ्या हातून माऊस घेतला आणि ओके दाबलं. मग वाचून वाचून दोन-चारदा नेक्स्ट. ८.४१ वाजता दोन्ही डिस्क दिसायला लागल्या. जशा काही कधीपासून दारातच उभ्या होत्या.

नोंद: दोष केबलीचा नाही, डिस्कचा नाही, दुकानदाराचाही नाही. चौकटीने विषय वर ठळक लिहायला हवा होता. ही म्हणते, वर ठळकच लिहिलाय.

९.०५. कॉपी सुरू. क्रमांक एक. सत्तावीस आधी घेऊ का, असं आपणहून हिला विचारलं. म्हणाली, राहू दे, तुमच्या क्रमाने होऊ दे. फार शांतपणे म्हणाली. क्रम बदलायचा क्षणभर मोह झाला. पण चालू झालेली फाइल थांबवायची सवय नाही.

दुपारी २.५०. सव्वीस झाले. माझ्या निवृत्ती समारंभाचे दोनशे बारा फोटो दोन्ही डिस्कवर सुखरूप. त्यातल्या एकशे नव्वदमध्ये मी पुष्पगुच्छ घेऊन उभा आहे.

सत्तावीस सुरू झाला आणि टकटक थांबली. उशी काढून कान लावला. आत काही नाही. बंद-चालू केला. पुन्हा केला. डिस्क गेली.

३.१०. हिला सांगितलं. खाली बघून सांगितलं. चुकलो, असंही म्हणालो. हा शब्द चौतीस वर्षांत एकाही शेऱ्यात लिहिलेला नाही. लिहिताना अवघड गेला नसता, तोंडाने फार गेला.

हिने फोन काढून समोर धरला. त्यात सासूबाई. गुरुवारी मी दुकानात होतो तेव्हा लेकीला विचारून काढून घेतला. चार मिनिटंही लागली नाहीत म्हणे.

मग मला का नाही सांगितलंस, असं विचारलं. म्हणाली, सोमवारी तुम्हाला विचारलं, मंगळवारी विचारलं, बुधवारी विचारलं. तिन्ही वेळा तुम्ही कॅन्सल केलंत.

आवाजात राग नव्हता. मी खुर्च्या लावायला गेलो.

सायंकाळी ७. भावंडं येऊन गेली. व्हिडिओ टीव्हीवर लावला. मी जमिनीवर बसलोय, पुढ्यात उघडून परत जोडलेला मिक्सर. सासूबाई डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसतायत आणि तळहात पुढे करून विचारतायत, जावईबापू, हे दोन पाहुणे कुठून आले? तळहातावर दोन स्क्रू. सगळी हसली. हसता हसता हिच्या धाकट्या बहिणीला रडू आलं, मग सगळ्यांनाच.

मी हा व्हिडिओ आजवर नेहमी तिथेच बंद करत आलो. आज रिमोट माझ्या हातात नव्हता. पुढे अजून आहे. सासूबाई डोळे पुसतात, मिक्सर लावतात, तो चालतो. मग कॅमेरा धरलेल्या हिच्याकडे वळून हळू म्हणतात, हसते खरी मी, पण घरातली वस्तू टाकून देत नाहीत हो हे, जीव लावून बसतात. चांगला माणूस मिळालाय तुला.

एवढंच. तीनदा लावला. तिसऱ्यांदा मी पाणी प्यायला आत गेलो आणि तिथेच थोडा वेळ थांबलो. परत आलो तर धाकटा मेव्हणा टेबलापाशी. हातात वाटी, वाटीत दोन स्क्रू. चिठ्ठी वाचत होता. वाटी होती तिथेच परत ठेवली, हे त्याच्या नावावर जमा.

सोमवार, १० फेब्रुवारी. सकाळी ९

ठराव: यापुढे समोर येईल ते पूर्ण वाचायचं, पूर्ण ऐकायचं, आणि शक्यतो हो म्हणायचं. व्हिडिओच्या दोन प्रती केल्या, दोन्ही डिस्कवर, नवा क्रमांक एक. निवृत्ती समारंभ दोनवर.

९.३०. ठरावाची अंमलबजावणी. ही चहा देता देता काहीतरी विचारत होती. पहिल्या दोन शब्दांतच हो म्हणालो. ती इतकी खूश झाली की मलाही बरं वाटलं.

९.४५. काय विचारलं होतं ते चौकशीअंती समजलं. धाकटा मेव्हणा शनिवारपासून पंधरा दिवस राहायला येतोय. सीपीयू एकदा नीट उघडून बघणार आहे.