मानाची सुई

दुसरबीड,
५ मे

चि. अनूले आईचा आशीर्वाद आधी, बाकीचं मंग.

पहिली आली ती बेबीताई, खालच्या वेटाळातल्या शालिग्रामची बायको. हाताले भाकरीचं पीठ तसंच. तिच्यामागं शालिग्राम. तो ओट्यावर टेकते न टेकते तं वरच्या वेटाळाचा चिंतामण आला, संगं त्याचे पोट्टे, आन त्यांच्यामागं सारं गाव. तुह्ये बाबा गेल्यापासून एवढी माणसं आपल्या अंगणात कधी आली नव्हती बाई. मी तं खुशीनं फिरून राह्यली, कोणाले पाट देऊ, कोणाले पोतं.

झालं काय, तुही चिठ्ठी ट्रॅव्हल्सवाल्या राजकुमारनं सकाळीच आणून देल्ली. मले मोठ्यानं वाचल्याबिगर समजत नाई, आन कान गेल्यापासून माह्यं मोठ्यानं म्हणजे काय ते तुले ठाऊक आहे. बेबीताईनं दोन घरामधल्या भितीपलीकडून सारं ऐकलं. माह्या नातीले, आपल्या रेवतीले रक्ताचा कॅन्सर, इंजेक्शनानं तिचं रक्त पातळ होऊन राह्यलं, पिशव्या चढवाव लागते, आन उन्हाळ्याचे कॉलेजं बंद म्हणून रक्त द्यायलेच कोणी येत नाई. तुम्ही राह्यता त्या धर्मशाळेच्या प्रतिमाताई म्हणते का तुमच्या गावात शिबिर ठेवा, पुढच्या मंगळवारी रक्तपेढीची गाडी पाठवतो. हे सारं माह्या तोंडून निघेपर्यंत तिकडं गावभर झालं होतं.

नाई कोणीच म्हणे ना, अनू. हे पाह्य, आपलं गाव कसंही असो, नाई कोणीच म्हणे ना. भांडण लागलं ते पहिलं रक्त कोणाचं यावर. मागच्या पोळ्याले तोरणाखालून कोणाचा बैल आधी जाईल यावरून दोन वेटाळं काठ्या घेऊन भिडली होती, तवापासून बोलणं बंद. आता बैल नाई तं रक्त! चिंतामण म्हणे, मान वरच्या वेटाळाचा, पिढ्यान्‌पिढ्या. शालिग्राम म्हणे, रेवतीचा आजा खालच्या वेटाळात जन्मला, रक्ताचं नातं आमचं, तुम्ही कोण बे? हे ऐकून वरच्यातल्या एका पोट्ट्यानं पायातला जोडा भिरकावला. तो शालिग्रामले नाई लागला, माह्या माठाले लागला. नवा माठ, परवाच घेतला होता. पाणी साऱ्याच्या पायाखाली गेलं. शालिग्रामनं त्या पोट्ट्याची मानगूट धरून दाराच्या चौकटीवर अशी आपटली का कपाळ फुटून रक्त नाकावर आलं. मी ओरडली, ठेवा रे ते आत, मंगळवारी लागते!

मंग तोडगा मीच काढला. दोन खाटा टाकायच्या, एक वरच्याची, एक खालच्याची, दोघं एकाच टायमाले झोपतीन. दोघांनीही मान हलवली. तू लहानपणी म्हणे ना, आई तुले काई समजत नाई? पाह्य आता.

जावईबापूले जेवू घालत जाय. माया आहेच, राग आला तं तोही कळवत जाय.

तुही आई,
सत्यभामा

*

छत्रपती संभाजीनगर, धर्मशाळा
८ मे

ती. आईस,

साष्टांग नमस्कार मनातूनच, कारण या खोलीत आडवं पडायला जागा नाही. वि. वि.

तुझं पत्र रेवतीला वाचून दाखवलं. माठ फुटला तिथे ती हसली. चार दिवसांत पहिल्यांदा. हसताना नाकातून पुन्हा रक्त आलं, म्हणून पुढचं मी हळूहळू, तिला हसू येऊ न देता वाचलं.

आई, खरं सांगते, काळजी वाटावी असंच चाललंय. बुधवारी तिचं नाक थांबेचना. आधी पदर लावला, मग टॉवेल, मग शेजारच्या बाईने तिची चादर दिली. शेखर पिशवी आणायला रक्तपेढीत गेला. खिडकीतल्या माणसाने सांगितलं की तिच्या गटाच्या प्लेटलेट शिल्लक नाहीत. शेखरने पुन्हा विचारलं, त्याने पुन्हा तेच सांगितलं. आणि तुझ्या जावयाने, ज्याने कधी घरात आवाज चढवला नाही, खिडकीतून हात घालून त्याची कॉलर धरली आणि थोबाडीत मारली. काच फुटली, ह्याचा हात कापला, त्या माणसाचा ओठ फाटला. सुरक्षारक्षकांनी शेखरला जमिनीवर पालथं पाडून गुडघ्याने दाबून ठेवलं होतं. मी धावत पोचले तेव्हा तो तसाच फरशीवर पडून मुलीच्या रक्ताचा गट ओरडून सांगत होता.

प्रतिमाताई मध्ये पडल्या म्हणून पोलिसांत गेलं नाही. आणि ज्याला मार बसला, त्या हर्षलने सुजलेल्या ओठाने आपल्या मित्रांना फोन लावले. त्यातला एक येऊन प्लेटलेट काढायच्या यंत्राला हात लावून बसला, तेव्हा रेवतीला पिशवी मिळाली. शेखर आता त्या खिडकीवरून जाताना मान वर करत नाही.

तू विचारत होतीस इथे कसं चालतं. चालतं आई, लोकांच्या देण्यावर चालतं. खोली फुकट, इंजेक्शनं संस्थेतून, डाळ-तांदूळ कुणाच्या तरी वाढदिवसाचे. मी ज्या कुकरमध्ये भात लावते त्याच्या झाकणावर कुण्या आजीचं नाव कोरलंय, तिच्या स्मरणार्थ दिलेला. ती कोण, मला माहीत नाही. शिटी झाली की मी तिला मनात हाक मारते.

पैसे, तांदूळ लोक देतात, आई. रक्त मात्र फार दिवस साठवून ठेवता येत नाही. प्लेटलेट तर चार-पाच दिवसांत वाया जातात. म्हणून मंगळवारची गाडी. डॉक्टर गार्गी म्हणून एक मुलगी येईल, तिला नीट सांभाळ. आणि हात जोडते, त्या दिवशी कुणालाही भांडू देऊ नकोस. दोन खाटांची तुझी युक्ती चांगली आहे, पण मला गाव माहीत आहे.

लोभ तुझा न मागताच मिळतो, तरी मागते.

तुझी,
अनुपमा

*

दुसरबीड,
१३ मे

चि. अनू, जावईबापू आन माह्या रेवतीले आशीर्वाद.

आधी सांगते का मी धड आहे. कपाळाले टाके पडले, पण टाके घालणारी डॉक्टरीण पोट्टी म्हणाली खूण नाई राहणार. राह्यली तरी या वयात मले कोण पाह्यले येते.

गाडी सकाळीच आली. शाळेच्या पटांगणात मांडव, दोन खाटा, त्याच्यावर माह्या हाताच्या गोधड्या. चुलीवर चहाचं मोठं पातेलं मी सोता ठेवलं, का रक्त देल्ल्यावर पोट्ट्यायले गोड पाजायचं. गार्गी डॉक्टरीण म्हणजे एवढीशी, वाऱ्यानं उडंल अशी. मी विचारलं, बाई, तुझं लगन झालं का? ती हसली. जालन्याकडचं घराणं तिचं, बरं आहे म्हणे, कोणी चांगला पोट्टा असंल तं ध्यानात ठेव.

चिंतामण डाव्या खाटेवर झोपला, शालिग्राम उजव्या. एकाच टायमाले, मी सोता टाळी वाजवली. दोघायचे दंड बांधले. आन मंग अनू, माह्या ध्यानात आलं. खाटा दोन होत्या, पण सुई टोचणारी नर्स एकच होती.

ती बिचारी तिले काय ठाऊक. चिंतामणची खाट दाराकडं, म्हणून आधी तिकडं वळली. शालिग्राम दंडाले पट्टा बांधलेला तसाच उठला. म्हणे, सुई आधी त्याले काऊन? त्यानं बाटली टांगायचा लोखंडी दांडा उपटला आन चिंतामणच्या डोक्यात घातला. असा आवाज झाला जसा नारळ फुटते. चिंतामणची टाळू उघडली. वरच्यायनं मांडवाचे बांबू काढले, खालच्यायनं बैलगाडीच्या उभाऱ्या. मांडव खाली आला, त्याच्याखाली माणसं, आन वरून बांबू चालू. कोणाचा दात माह्या पायाजवळ येऊन पडला. एकाचा हात कोपरातून उलटा झाला, तो हात पाह्यत उभाच. गार्गी नर्सले ओढत गाडीत शिरली आन आतून कडी घातली.

मी ओरडून राह्यली, माह्या नातीचं रक्त हाय रे ते! कोण ऐकते. मातीत चाललं होतं अनू, धुळीत, नालीत, जे पिशवीत जायचं ते सारं. मले तुह्या त्या टॉवेलाची आठवण आली. मी चुलीवरचं पातेलं फडक्यानं धरलं, आन उकळता चहा दोन्ही वेटाळांच्या मधी फेकला. लेकायहो, घ्या मान! निम्मे भाजले, निम्मे पळाले. तेवढ्यात एक बांबू माह्या कपाळावर बसला. कोणाचा ते मी सांगणार नाई. तो सकाळपासून तीन डाव पाया पडून गेला.

पोलिसाची जीप आली, बरेच सिंदखेड राजाच्या दवाखान्यात गेले. जे उरले त्यायले गार्गीनं खिडकीतून पाह्यलं. अंगावर ओल्या जखमा, कोणाच्या तोंडाले दारूचा वास. म्हणे, यातल्या एकाचंही रक्त मले घेता येत नाई. सारे गडी बाद! ती ड्रायव्हरले म्हणे, चला.

गाडी चालू झाली तवा बेबीताई तिच्यापुढं जाऊन उभी राह्यली. म्हणे, बायायचं चालते का? इतक्या दिवसात हे कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं अनू. माह्याही नाई. मी तिले भाकरी भाजायले बोलावलं होतं.

गार्गीनं कडी काढली. पायरीवर पहिली चढली ती चिंतामणची सून, तिच्यामागं बेबीताई. तं शालिग्राम, कपाळातून रक्त गळून राह्यलं, तसा धावत आला. म्हणे, वरच्याच्या मागं माह्या घरची बाई नाई देणार. बेबीताईचा अंबाडा धरून त्यानं तिले पायरीवरून खाली ओढली. ती गुडघ्यावर पडली. गावानं हे तिच्या अंगणात लय डाव पाह्यलं होतं, मीही पाह्यलं, भितीच्या अलीकडून. पण या वक्ती तिनं त्याच्या मनगटाले दात लावले, ते सोडलेच नाई. चिंतामणच्या सुनेनं वरून उडी मारली, त्याचा पाय ओढला. तो पडला तं दोन्ही वेटाळाच्या बाया त्याच्यावर. चपला, लाटणं, माह्या चहाचं रिकामं पातेलं. कोण वरची, कोण खालची, कोणालेच समजे ना. पोलिसानंच त्याले सोडवला.

मंग रांग लागली. कोणी कोणाच्या पुढं जाय ना, तू आधी, नाई तू आधी.

पण हे लिहायले मले बरं नाई वाटत. गार्गीनं बोट टोचून तपासलं तं निम्म्याहून जास्त बायायच्या अंगात रक्तच कमी. वावरात राबते, उरलंसुरलं खाते, कुठून येईल. बेबीताईलेही नाई म्हणाली. मार खाताना रडली नाई ती बाई, आन तिथं पायरीवर बसून रडली. गार्गीनं तिच्या पाठीवर हात ठेवला, रक्त वाढायच्या लोखंडाच्या गोळ्या देल्ल्या. जितकीयचं झालं तितक्या पिशव्या पेटीत घालून गाडी गेली.

पोचल्या का ते लगेच कळव. काळजात धडधड आहे, ती माया समज.

आई

*

छत्रपती संभाजीनगर,
१६ मे

ती. आईस कपाळावरच्या टाक्यांसकट नमस्कार.

पोचल्या. तपासायला एक दिवस गेला, मग त्यातून वेगळ्या केलेल्या प्लेटलेट गुरुवारी दुपारी रेवतीला चढल्या. पिवळसर असतात आई, हळदीच्या पाण्यासारख्या. मी पिशवीकडे बघत बसले होते. नाक थांबलं. दातांतून येत होतं तेही थांबलं. ती झोपली, आणि मी दाराबाहेर जाऊन तोंडात पदर कोंबून रडले.

एक पिशवी शेजारच्या खोलीतल्या जानेफळच्या मुलाला गेली. त्याच्या आईने विचारलं, कुणाची. मी म्हटलं, आमच्या गावच्या बायकांची. ती म्हणाली, नावं सांगा. मला एकट्या चिंतामणकाकांच्या सुनेचंच माहीत होतं, तेही तिचं नाव नव्हे, सूनच. आई, मला तिचं नाव कळव. साऱ्यांची कळव.

तुझं पत्र रेवतीला आता पूर्ण वाचून दाखवता आलं. पातेल्याच्या प्रसंगाला ती इतकी हसली की नर्स आली. पण डॉक्टर म्हणतात, अजून काही ठरलं नाही. महिनाअखेरीस पुढच्या इंजेक्शनांची फेरी आहे, त्यात रक्त पुन्हा असंच उतरणार, पिशव्या पुन्हा लागणार. हे तुझ्यापासून लपवत नाही. गावात पुन्हा बोलायला मला धीर होत नाही, एवढी डोकी फुटल्यावर कुठल्या तोंडाने मागू?

तुझी माया कमी होऊ देऊ नकोस, माझा धीर कमी झाला तरी.

अनुपमा

*

दुसरबीड,
१९ मे

चि. अनू, आशीर्वाद, आन एक धपाटा, असं लिहिल्याबद्दल.

कुठल्या तोंडानं काय? तुले मागावच लागलं नाई. चिंतामणच्या सुनेचं नाव ज्योत्स्ना. बाकीची मागच्या बाजूले लिहिली आहेत, प्रत्येकीनं सोता येऊन सांगतलं, दोघी-तिघीयले त्यायच्या माहेरचंच नाव लिहून पाह्यजे होतं.

बेबीताईच्या घरी परवा मोठं झालं. शालिग्रामनं तिच्या गोळ्या उकिरड्यावर फेकल्या, हात उगारला. तिनं विळा उचलला. मी भितीवरून पाह्यत होती, या वक्ती अलीकडंच नाई राह्यली, कपाळाच्या टाक्यासकट गेली पलीकडं. तवापर्यंत ज्योत्स्ना आन वरच्या बाया गल्लीत शिरल्या होत्या. अनू, मी खरं सांगते, ती त्याले कापणार होती. तिच्या डोळ्यात मी पाह्यलं. शालिग्रामनंही पाह्यलं, म्हणून तो भित चढून माळवदावर गेला आन दिवस बुडेस्तोवर उतरला नाई. खाली बाया बसल्या पालक निवडत. त्याले वरून पाणी मागावं लागलं. बेबीताईनं देल्लं, पण आधी गोळ्या उकिरड्यातून वेचून आणायले लावल्या.

आता दोन्ही वेटाळाच्या बाया जेवायले आपल्या अंगणात बसते. मी म्हणून ठेवलं, गड्यायच्या आधी. भुईमूग, गूळ, मेथी, ज्याच्या वावरात जे असंल ते येते. चिंतामणनं डोक्याले पट्टी बांधून पालकाची जुडी आणली, ओट्यावर ठेवून गेला. माह्या अंगणात पुन्हा पाय ठेवायले जागा नाई बाई, मी लय खुश आहे.

रेवतीले सांग, आजीनं गार्गी डॉक्टरणीले राजकुमारच्या फोनवरून इचारलं, गाडी पुन्हा कधी आणते. मले ऐकू आलं नाई, त्यानं ओरडून सांगतलं. या डाव दोन नर्स आणते म्हणे, आन बेबीताईचं बोट सगळ्यात आधी तपासते म्हणे. गुरुवारी, अठ्ठावीस तारखेले येते.

तुही आई