बानूबाईंची म्हैस आणि कॉम्प्युटरचे चौऱ्याऐंशी मार्क

३ जून १९९६, सोमवार. बारामती
कामाला लागलो. आमच्या दूध संघाच्या जनावरांच्या दवाखान्यात नवा कॉम्प्युटर बसलाय. गावाहून फोन आला की डॉक्टरला कुठं पाठवायचं, ते तो सांगतो. तो कितपत भरवशाचा, हे तपासायला चेअरमन आप्पासाहेबांनी मला नेमलं. पुण्याचा सहा महिन्यांचा डिप्लोमा आहे, चेष्टा नाही. कसोट्या चार: अचूकपणा, वेग, सोपेपणा, लोकांचं समाधान. आठ दिवसांत रिपोर्ट.

५ जून
दिवसभर लाइट नाही. वेग मोजता आला नाही. तूर्त ‘उत्तम’ लिहिलं.

७ जून
दवाखान्यात फोन घेणाऱ्या सिंधुबाईंना प्रश्नावली दिली. अकरा वर्षं रजिस्टर लिहितात. मलाच विचारतात, कुणाची म्हैस लाथ मारती, ते ह्याला कळतं व्हय? तसा कॉलम नाही. बाईंच्या अपेक्षाच अवास्तव. सोमवारी फोन मी घेणार. रजिस्टर माझ्या कपाटात, कुलपात. चाचणी शुद्ध हवी.

१० जून, सकाळी ९.४०
पहिला फोन! बानूबाई. म्हैस अडलीय, लवकर या. नाव टाकलं, पाच सेकंदांत पत्ता: बावडा. जीप रवाना. वेग पैकीच्या पैकी.

दुपारी १२.१५
बावड्याहून डॉक्टरांचा फोन. बानूबाई भेटल्या. म्हैस गेल्या वर्षीच विकली म्हणे. गाव विचारायचं माझ्याकडून राहिलं, पण कॉम्प्युटरनं तरी आठवण करून द्यायला नको? सिंधुबाई म्हणाल्या, अवो, ती पळसदेवची बानूबाई, तिच्या म्हशीचं दिवस भरल्यात. त्यांनी रजिस्टर मागितलंसुद्धा नाही. भिगवणला गेलेल्या दुसऱ्या डॉक्टरांना तोंडपाठ नंबरावर निरोप धाडला.

दुपारी ३.१०
रेडकू झालं! म्हैस सुखरूप. ऑफिसात सगळ्यांना चहा. मीही घेतला.

११ जून
रिपोर्ट दिला. चौऱ्याऐंशी मार्क. आप्पासाहेब म्हणाले, कॉम्प्युटर ऱ्हाऊ द्या, सिंधुबाई चालवतील. आणि मी? म्हणाले, लोकांचं समाधान तपासायचं ऱ्हायलंय न्हवं? जावा पळसदेवला.

१३ जून. पळसदेव
दवाखान्यातला आहे एवढंच सांगून बानूबाईंना विचारलं, समाधानी आहात का? म्हणाल्या, समदं ब्येस हाय. फकस्त फोनवर कोण बाप्या व्हता, गाव न इचारताच ‘झालं काम’ म्हनला, तेवढा काढा.
लिहून घेतलं: ‘बहुतांशी समाधानी.’
निघताना बाईंनी खरवसाचा डबा आणला. नको नको म्हणत हात पुढं केला. म्हणाल्या, तुमास्नी न्हाय, सिंधुबाईस्नी द्या.
एसटीत जागा नव्हती. बारामतीपर्यंत डबा छातीशी धरून उभा. वाटेत झाकण उघडलं नाही.
एकदाच उघडलं.