नऊ आणि चौदा नंबरचे व्हॉल्व्ह

प्रिय मामा,

साष्टांग नमस्कार. (मनातल्या मनात. हे पत्र मी तळघरातल्या पंपांच्या खोलीत उलट्या बादलीवर बसून लिहिते आहे आणि इथली फरशी ओली आहे.) गुडघे कसे आहेत? डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम तुम्ही करत नसणार, हे गृहीत धरून पुढे जाते. इकडे सगळे ठीक. आईची रक्तदाबाची गोळी बदलली आहे, माझ्या धाकट्या लेकीला दातांची तार बसवली आहे आणि तिने बोलणं अजिबात कमी केलेलं नाही.

तुम्ही विचारलंत, की "इमारत व ऊर्जा यंत्रणा देखभाल, प्राथमिक प्रशिक्षण" हे काय प्रकरण आहे आणि त्रेचाळिसाव्या वर्षी मला ते कोणी सुचवलं. सुचवलं तुम्हीच. शाळा बंद पडून माझी कारकुनी गेली तेव्हा फोनवर तुम्ही म्हणाला होतात, "मी नोकरीला होतो त्या जुन्या इस्पितळात शिकवतात म्हणे, जाऊन बघ." हे तुम्ही आपलं काहीतरी बोलायचं म्हणून बोलला होतात, असं आई म्हणते. तिने ते जरा उशिरा सांगितलं. तोवर माझ्या अंगावर निळा डगला आणि पायात लोखंडी टोकाचे बूट आले होते.

आम्ही सहाजण शिकतो. माझ्या शेजारी बसतात ते पूर्वी शिंपी होते, म्हणून सगळे त्यांना शिंपीदादा म्हणतात. पाइपचा घेर ते अजून गळ्यातल्या टेपने मोजतात आणि शिवणीसाठी अर्धा इंच जास्त धरतात. शिकवणारे मास्तर वर्षभरात निवृत्त होतील. त्यांचा विश्वास दोनच गोष्टींवर आहे: बॉयलरच्या काचेच्या नळीत स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं पाणी, आणि तळघराच्या भिंतीवर चौकटीत लावलेला पाइपांचा नकाशा. पहिले पंधरा दिवस त्यांनी आम्हाला कशालाही हात लावू दिला नाही. फक्त ऐकायचं. धडधाकट पंप कसा वाजतो, बेअरिंग गेलेला कसा वाजतो. परिणाम असा, की मी आता घरी फ्रीजला कान लावून उभी राहते. (मी चोरून काही खाते आहे असं वाटून आई दोनदा मागे येऊन बघून गेली.)

माझं अक्षर बरं म्हणून मास्तरांनी मला व्हॉल्व्हना पत्र्याचे बिल्ले बांधायचं काम दिलं. नकाशा बघून मी बत्तीस बिल्ले बांधले. नऊ नंबर दातांच्या विभागाचं पाणी, चौदा नंबर धुलाईघराचं. त्याच दुपारी सरावासाठी मास्तर म्हणाले, धुलाईघर बंद करा. मी चौदा नंबर फिरवला. धुलाईघरात पाणी धो धो चालू राहिलं आणि वर दातांच्या खुर्चीत एक गृहस्थ पंचवीस मिनिटं तोंडात गुलाबी पूड घेऊन चूळ भरायची वाट पाहत बसले. डॉक्टरीणबाई स्वतः खाली आल्या. हातात मोजे तसेच होते. त्या काय बोलल्या ते लिहीत नाही, कारण हे पत्र धाकटी टपालात टाकणार आहे आणि ती वाचल्याशिवाय राहायची नाही.

बिल्ले चुकवले म्हणून मास्तरांनी मला सगळ्यांसमोर झाडलं. मनाला लागलं. शाळेत एकवीस वर्षं मी एकही दाखला चुकीच्या नावाने दिला नव्हता. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत शिंपीदादांनी बॅटरी धरली आणि मी पाइपला हात लावून लावून पुढे सरकत गेले. बॉयलरच्या मागे, जिथे झाडूसुद्धा जात नाही, तिथे दोन्ही पाइप एकमेकांना ओलांडून भलत्याच बाजूला गेलेले. मास्तरांना सांगितलं. ते आले नाहीत. म्हणाले, "नकाशा इथे तीस वर्षं आहे. तू दोन महिने आहेस." बिल्ले नकाशाप्रमाणेच राहिले.

तीन आठवड्यांनी मंगळवारी सकाळी धुलाईघरात पाइपचा सांधा फुटला. पाणी जिन्यावरून खाली, आणि जिना संपतो तिथे मुख्य विजेच्या पॅनेलची खोली. तिचा उंबरा चार बोटं उंच. पाणी अडीच बोटांवर आलं होतं. वर शस्त्रक्रिया चालू होत्या. मास्तर धावत चौदा नंबरपाशी गेले.

"मास्तर, नऊ!" मी ओरडले.

"नकाशात चौदा आहे."

"नकाशात असू दे. पाणी नऊमधून जातंय."

"खात्री आहे?"

"हात लावून बघून आलेय."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, उंबऱ्याकडे पाहिलं आणि बाजूला झाले. "कर बंद."

नऊ नंबर कित्येक वर्षांत कोणी फिरवला नव्हता. चाक जागचं हलेना. शेवटी चाकात लांब पाना अडकवून शिंपीदादा आणि मी त्याला अक्षरशः लोंबकळलो. ते कण्हलं, मग फिरलं, आणि जिन्यावरचा आवाज हळूहळू थांबला. पाणी उंबऱ्याच्या अर्धं बोट खाली राहिलं. भीती वाटली का, म्हणाल तर तेव्हा नाही. संध्याकाळी मात्र मी कांद्याची सालं कढईत टाकली आणि कांदा केराच्या डब्यात. (शिंपीदादा नंतर शांतपणे म्हणाले, "दोन्ही बंद केले असते तरी चाललं असतं." त्या दिवशी त्यांच्याशी कोणी बोललं नाही.)

दुरुस्तीसाठी मास्तरांनी दुसऱ्या दिवशी नकाशा चौकटीतून काढला. मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहिलेलं होतं: "९ व १४ ची अदलाबदल केली आहे. उद्या नकाशा दुरुस्त करणे." खाली अठ्ठावीस वर्षांपूर्वीची तारीख. तुमचा तो आडवा झोपलेला "द" मी कुठेही ओळखेन, मामा.

"कुणाचं अक्षर आहे हे?" मास्तरांनी विचारलं.

"माझ्या मामांचं," मी म्हणाले. आता काय लपवायचं होतं?

मास्तरांनी चष्मा पुसून ती ओळ पुन्हा वाचली. मग हसले. आम्ही त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहिलं. म्हणाले, "चला, उद्या उजाडला म्हणायचा." नवा नकाशा मला काढायला लावला आणि खाली सहीही मलाच करायला लावली. मी तुमच्यावर रागावलेली नाही. डॉक्टरीणबाईंचं मात्र सांगता येत नाही.

तब्येतीला जपा. आईचा आशीर्वाद, आमचे नमस्कार.

तुमची भाची

ता. क. : प्रात्यक्षिकात पास झाले. लेखी परीक्षेत नापास. "वाफेची गुप्त उष्णता म्हणजे काय?" याला मी दीड पान लिहिलं, तरी ती गुप्तच राहिली. फेरपरीक्षा तीन आठवड्यांनी आहे.

आणखी एक : तेव्हा तुम्ही इकडे येऊन मला शिकवा. पुढची खोली रिकामी केली आहे, खाट खिडकीशी लावली आहे. मामी गेल्यापासून तुम्ही "बघू, बघू" म्हणता आहात, म्हणून हे परीक्षेचं निमित्त आलं ते बरंच झालं, असं आई म्हणते. परीक्षा झाली की लगेच निघायची घाई नको. ह्याच्या पुढचाही अभ्यासक्रम आहे, तो दोन वर्षांचा.

शेवटचं : "विचार करून कळवतो" असं लिहायला बसू नका. तुमच्या भाचेजावयांनी रविवारचं तिकीट काढून सोबत जोडलं आहे. परतीचं काढायचं विसरले म्हणतात. (लग्नाला अठरा वर्षं झाली, ते आजवर काहीही विसरलेले नाहीत.)