दादाची शेवरोले, माझी फोर्ड

३ फेब्रुवारी
काल दादाचं दहावं झालं. आज गॅरेज उघडलं. दहा दिवस पान्याला हात लावला नव्हता. दादा – अभिमन – माझा मोठा भाऊ आणि इथला भागीदार. शटर रोज तोच उघडायचा, मी जेवूनच यायचो. आज सकाळीच आलो. काय करायचं सुचेना. झाडून घेतलं.

४ फेब्रुवारी
समोरच्या दुकानातले उखर्डूनाना आले. "बठ्ठं ठीक शे ना?"
सगळं ठीक म्हणून मान हलवली.
"तुनी फोर्ड कधी बंद पडनी नही. तूच बंद पडना रे!"
हसू आलं. मग वाईट वाटलं.

६ फेब्रुवारी
दीपमाला वहिनी आल्या. त्यांची शाळा धुळ्याला. दादा रोज सोडायचा. सोमवारपासून एकट्या जाणार, स्वतः चालवत. घरात दोन गाड्या – त्याची शेवरोले, माझी फोर्ड.
"भाऊ, वाटेत थांबणार नाही ती द्या. एकटीनं रस्त्यात उभं राहायची मला भीती वाटते. तुमच्या दोघांची गाड्यांवरून भांडणं बारा वर्षं ऐकली. आता खरं सांगा."

७ फेब्रुवारी
खरं काय सांगू? दोन्ही अमेरिकन, दोन्ही कंपन्यांनी इथलं दुकान आवरलं. सुटे भाग मिळतात, पण शोधावे लागतात. फोर्ड जड, रस्ता धरून चालते. शेवरोलेचा एसी अमळनेरच्या मे महिन्यातही गारठवतो. इंजिनं दोन्हींची चांगली. तिसऱ्या अमेरिकन गाडीबद्दल, जीपबद्दल, बोलणार नाही – आमच्या हाताखालून दोनच गेल्या.
पण माझी बारा वर्षांत एकदाही रस्त्यात थांबली नाही. दादाची तीनदा! दोष कंपनीचा नाही. दिवसभर लोकांच्या गाड्या, स्वतःच्या गाडीकडे बघायला त्याला सवड नसायची. मीही माझ्या गाडीचं ऑइल सोडून काही बघितलं नाही. तिला गरजच पडली नाही ना! त्यावरून त्याला किती चिडवलं – "दादा, गाडी बनवणं एका फोर्डलाच जमलं!" तो नुसता हसायचा. हात पुसत राहायचा.
वहिनींना सांगितलं – फोर्ड न्या.

८ फेब्रुवारी, रविवार
द्यायच्या आधी एकदा बघावी म्हणून बॉनेट उघडलं. टायमिंग बेल्टवरचं कव्हर काढलं – हा बेल्ट तुटला की गाडी जागीच थांबते. बेल्ट नवा! मी तर कधीच बदलला नव्हता.
कव्हरच्या आत पांढऱ्या मार्करनं तारीख आणि किलोमीटर. तिच्या वर जुनी, पुसट तारीख. तिच्याही वर एक. आकडे तिरके – दादाचे. शेवटची तारीख ११ जानेवारी.
कव्हर परत बसवलं.
वहिनींना फोन केला. म्हटलं, कुठलीही न्या. दोन्ही मी बघत जाईन.
आता दादाची उघडतो.