आप्पांची पिवळी रेघ

सदाशिव पेठ, पुणे
मंगळवार, २ डिसेंबर १९९७

तीर्थस्वरूप आप्पांस, उल्काचा साष्टांग नमस्कार.

फोनवर माझा आवाज ऐकला की आपण "बरं आहे, ठेवतो" म्हणता आणि खरोखरच ठेवता. म्हणून पत्र. हे अर्ध्यात ठेवलंत, तर मंदाकिनीवन्सं उरलेलं मोठ्यांदा वाचून दाखवणार आहेत. लेक आपली असली तरी या बाबतीत ती माझ्या बाजूची आहे.

इकडे सर्व ठीक. थंडी चांगली पडली आहे. आपली कानटोपी इथेच राहिली. 'चार दिवस लेकीकडे जातो' म्हणून दिवाळीनंतर लोणी काळभोरला गेलात, त्या चार दिवसांना महिना झाला. कानटोपी मी मुद्दामच पाठवत नाही.

आपण का गेलात ते मला कळतं. शाळेच्या पालक-शिक्षक संघासाठी चिठ्ठ्या टाकल्या, त्यात माझं नाव निघालं. आपण पानावरून उठलात आणि म्हणालात, "घरातच फितुरी!" ज्या शाळेचे आपण इतकी वर्षं मुख्याध्यापक होतात, जिथे फाटकाच्या आत मारलेल्या पिवळ्या रेघेपुढे कुठल्याही आईबापाने पाऊल टाकलं नाही, तिथे आपलीच सून पालकांना आत घ्या म्हणणार, हे लागणारच. त्या रेघेविषयी या पत्रात काही लिहायचं नाही असं मी ठरवलं आहे.

सभा छान झाली. बोहरी आळीतल्या बांगडीवाल्या सलीमाबाई संघात आहेत, त्यांचा हुसेन आपल्या मैनाच्याच वर्गात, तिसरीत. त्या उठून म्हणाल्या, "पोरगा माझा, डबा माझा, ताप आला की रात्र माझी. आणि मीच फाटकाबाहेर? अहो, रेशनच्या दुकानात पण आत घेतात!" मुख्याध्यापिका बाई हसू दाबत राहिल्या. शेवटी ठरलं, की दर गुरुवारी एका पालकाने एक तास वर्गात मागे बसायचं. बोलायचं नाही, खुणा करायच्या नाहीत, आपल्या मुलाला तर मुळीच नाहीत. आपल्याला आवडेल इतकी कडक शिस्त आहे.

पहिला गुरुवार माझा होता. आता नीट ऐका, आप्पा.

मैनाला आपण घरी पाढे विचारता तेव्हा ती धडाधड म्हणते. शाळेच्या वहीत मात्र गणितं चुकतात. आपण तिला धांदरट म्हणालात, मीही म्हणाले, आणि बाई म्हणतात बडबडी, सारखी शेजारणीकडे वळते. उंचीने ती आपल्यावर गेली म्हणून शेवटच्या बाकावर असते. मी तिच्या मागेच होते. बाईंनी फळ्यावर लिहिलं, की ही डोळे बारीक करायची, शेजारणीच्या वहीत डोकावायची आणि उरलेले आकडे अंदाजाने उतरवायची. तीनचे आठ, एकचे सात. पोरीला फळा दिसतच नव्हता! सगळ्यांनाच तसा दिसतो, असं तिला वाटत होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, पण नियमाप्रमाणे गप्प बसले.

आता चष्मा लागला आहे. काळजी करू नका, ती भलतीच खूश आहे. दुसऱ्याच दिवशी घरी येऊन म्हणाली, "आई, सभागृहात आप्पांचा फोटो आहे ना, त्यात त्यांना मिशी आहे!" इतके दिवस तिला तो फोटो कुणातरी संतांचा वाटत होता.

बरं, आता ते ठरवलेलं मोडते. रेघ मी पुसली.

ठरावही माझाच होता. दत्तोबा शिपाई म्हणाले, "साहेबांची रेघ. दर जूनला मी रंगवतो. मी नाही हात लावणार." मग शनिवारी शाळा सुटल्यावर मी आणि सलीमाबाई रॉकेल आणि काथ्या घेऊन बसलो. आपण काम पक्कं करून घेता. नखं गेली आमची. दत्तोबा शेजारी उभे राहून सांगत होते, की एकदा एक बाप भर वर्गात शिरून पोराला पट्ट्याने मारायला लागला. आपण मधे पडलात, दंडावर वळ उठला, आणि त्याच संध्याकाळी रेघ मारलीत. आप्पा, हे आपण कधी बोलला नाहीत. ठाऊक असतं तरी मी ती पुसली असती, पण आधी आपल्याला विचारलं असतं. न विचारता पुसली याचं वाईट वाटतं.

घरी हे सांगितलं तर आपला लेक श्रीधर म्हणाला, "आई रेघेबाहेर उभी असायची आणि आप्पा ऑफिसात. शाळेत माझं असं कुणी आलंच नाही. पाठांतराचं पहिलं बक्षीस आप्पांच्याच हातून मिळालं. म्हणाले, 'चला, पुढचा.'" सांगताना तो हसत होता. मला काही हसू आलं नाही.

येत्या गुरुवारचा पालक अजून ठरलेला नाही. आजी-आजोबा चालतात, मी विचारलं आहे. खुर्ची जरा बुटकी आहे, गुडघ्यांना मी तेल चोळून देईन. श्रीधर अर्धा दिवस रजा काढून आपल्याला सोडायला फाटकापर्यंत येणार आहे.

एकच अडचण. हल्ली दत्तोबा आत येणाऱ्या प्रत्येकाला विचारतात, "कोणाचे पालक?" साहेब असलात तरी आपल्यालाही विचारणार, नियम आपल्याच हाताखाली शिकलेत ते. मी म्हटलं, आप्पा 'मैनाचा' म्हणतील. तेव्हा श्रीधर पेपर खाली न करता म्हणाला, "माझं नाव सांगा म्हणावं."

कानटोपी खुंटीवर ठेवली आहे.

वाट पाहणारी,
आपली फितूर सून,
उल्का