लाल कुत्र्याची गोणी

ऑरोरू
२७ ऑगस्ट, मंगळवार

प्रिय बाबा,

फोनवर तू रोज एकच विचारतोस, पिल्लू खातंय ना, आणि मी रोज एकच सांगते, हो खातंय, लाल कुत्र्याचं चित्र असलेल्या गोणीतलंच. ते खोटं आहे. लाल कुत्र्याची गोणी पाच आठवड्यांपासून शेडमध्ये खुंटीवर लटकली आहे आणि तिला उंदरांनी खालून भोक पाडलंय. हे फोनवर सांगायला मला जमलं नाही. फोन वॉर्डातल्या नर्सच्या टेबलावर, तुझ्या मागे दोघं-तिघं उभे, तुला नीट ऐकू येत नाही, आणि मी काही अवघड बोलायला लागले की तू म्हणतोस, "बरं बरं, आईला दे." म्हणून लिहितेय.

पहिल्यापासून सांगते. लिंडसे पिल्लू घेऊन आला तो शनिवार, वीस जुलै. तुझी बाईक उलटून तू नाल्यात पडलास त्याला तेव्हा सहा दिवस झाले होते. गाडीतून उतरताना तो म्हणाला, "तुझ्या बापानं बुक केलेलं आहे, मी शब्द पाळला. आता हे आठ आठवड्यांचं आहे, यापुढचं तुमचं तुम्ही बघा." आपला टॉफ गेल्यापासून रिकामं पडलेलं कुत्र्याचं पिंपाचं घर आईनं आधीच धुऊन ठेवलं होतं. पिल्लू त्यात गेलं नाही, माझ्या बुटावर बसलं. लाल-तपकिरी, कानांची टोकं काळी, आणि पंजे अंगापेक्षा मोठे. त्याला नाव ठेवलं नाही. नाव तू ठेवतोस, आणि तेही पिल्लानं पहिल्यांदा मेंढीकडे नीट पाहिल्यावर, हे मला माहीत आहे. आई त्याला "साहेब" म्हणते.

तीन दिवस आम्ही दोघींनी त्याला हातानं भरवलं, मांडीवर घेतलं, नको तेवढे लाड केले. मग मंगळवारी तुझा फोन आला. तू म्हणालास, "कुत्रा खायला घालणाऱ्याचा असतो. तुम्ही भरवत बसाल तर तो तुमचा होईल आणि माझ्या काही कामाचा राहणार नाही. माझा करडा लोकरीचा कोट घाल, टोपी घाल, हातमोजे घाल, खाणं ठेव आणि तोंड फिरवून ये. बोलायचं नाही. आणि लाल कुत्र्याची गोणी आण." शेवटी हेही म्हणालास, की चौदा आठवड्यांचं होईपर्यंत त्याला कामाचा मालक मिळाला नाही तर लिंडसेला परत द्यायचं, मेंढ्या हाकणारा केल्पी कुत्रा बसून राहिला तर स्वतःलाच खातो. ते चौदा आठवडे या शनिवारी पूर्ण होतील.

तर त्याच दुपारी मी ग्लेनिसच्या दुकानात गेले. लाल कुत्र्याची गोणी उचलली, आणि सवयीनं मागची बाजू वाचली. चार वर्षं विद्यापीठात मला हेच तर शिकवलं. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, फक्त प्रौढ कुत्र्यांसाठी. दिवसभर मेंढ्यांमागे पळणाऱ्या कुत्र्याला लागते तेवढी चरबी त्यात आहे, पण वाढत्या हाडांना काय लागतं त्याची हमी कुठेच नाही. बाबा, आपण टॉफला लहानपणी हेच घातलं. त्याच्या आधीच्या दोघांनाही. गोणीवरचा कुत्रा टॉफसारखा दिसतो म्हणून तू ती पहिल्यांदा घेतलीस, हे तूच सांगितलं होतंस. तू जे बरोबर समजत आलास ते मी चूक ठरवायचं का, आणि तेही तू तिकडे पाय वर टांगून पडलेला असताना, हे मला कळेना. मी लाल गोणी घेतली. आणि पिल्लांची एक पिशवीही घेतली. तुला एकच सांगितली.

इथवर मी ठीक होते. पण त्या पिशवीवर लिहिलं होतं, मोठ्या जातीच्या पिल्लांसाठी. घरी येऊन वाचलं तर केल्पी मध्यम जातीत येतो. मग मध्यमवाली आणली. तिच्यात कोंबडी होती, आणि लिंडसे म्हणाला, या वेताच्या आईला कोंबडी सोसत नाही. मग मेंढीच्या मांसाची आणली. तिच्यात प्रथिनं जास्त वाटली, मग कमीवाली आणली. मग एक बिनधान्याची आणली, ती का आणली ते आता मलाही सांगता येणार नाही. फ्रिजवर मी तक्ता लावला होता, प्रथिनं, चरबी, कॅल्शियम, फॉस्फरस, समोर पिल्लाचं वजन. आई दूध काढायला फ्रिज उघडायची आणि म्हणायची, "आमच्या घरातली पहिली पदवीधर. आणि चार वर्षं शिकून आली ती कुत्र्याची शी बघायला." ग्लेनिसनं तर दुकानात सगळ्यांसमोर ऐकवलं, "अगं मेरिन, पिल्लाला खाणं घेतेयस की स्वतःला नवरा बघतेयस? एक घे आणि नांद!" लिंडसे म्हणाला, त्याची कुत्री आयुष्यभर गोणीतलं कोरडं खाणं खाऊन म्हातारी झाली, पण एकानंही कधी गोणी वाचली नाही.

तीन आठवड्यांत पाच पिशव्या. आणि प्रत्येक वेळी आज एक बंद, उद्यापासून दुसरी. नवीन खाणं जुन्यात थोडं थोडं मिसळत आठवडा-दहा दिवसांनी बदलायचं असतं हे मी परीक्षेत लिहिलंय, त्याचे पूर्ण गुण मिळवलेत. पण दर वेळी मला वाटायचं, आधीचं चुकीचं आहे हे कळल्यावर ते आणखी एक दिवस तरी कसं घालायचं? पिल्लाचं पोट बिघडलं. शेंबडासारखी शी, मग पाणी, मग उलट्या. सातशे ग्रॅम वजन उतरलं. अकरा ऑगस्टला त्यानं पाणीही तोंडाला लावलं नाही आणि माझ्या बुटावर यायलाही ते उठलं नाही. तुझा कोट अंगावर होताच, त्यातच त्याला गुंडाळलं आणि जेम्सटाउनला डॉक्टर हॅनाकडे नेलं. वाटेत त्यानं सगळं त्या कोटात केलं. हॅनानं त्याला सलाईन लावलं, माझा तक्ता शेवटपर्यंत वाचला आणि म्हणाली, "तुझ्या पाचांतल्या तीन तरी चांगल्या होत्या. वाढत्या पिल्लांसाठी संपूर्ण आहार असं लिहिलेली, या आकाराच्या कुत्र्याची, कुठलीही एक घे. दिवसातून तीनदा, मोजून. आणि मग मेहेरबानी करून वाचणं थांबव." मी गाडीत बसून रडले. पिल्लाचं जे झालं त्यात कुठल्याच गोणीचा दोष नव्हता.

आता सोळा दिवस मध्यम जातीची, कोंबडीचीच पिशवी चालू आहे. त्याच्या आईला सोसत नाही ते याला सोसतं. शी बांधून होते, केस चमकतात, वजन भरून निघून वर चढलं. पहिली बातमी म्हणून हीच लिहायला हवी होती, पण माझ्याकडून क्रम नेहमी उलटा होतो.

आता कोट. तो मला धुवावाच लागला, बाबा. टबात साबण घालून दोनदा धुतला आणि तारेवर टाकला. तो वाळत होता आणि मी त्याच्याकडे बघत होते, तेव्हा लक्षात आलं की मी काय केलं. त्यात तुझा वास होता. पिल्लाला तू माहीत नाहीस, त्याला तो कोट माहीत होता, आणि मी तोच साबणानं धुऊन टाकला. दुसऱ्या दिवशी भीत भीत अंगात घातला, टोपी, हातमोजे, सगळं नेहमीसारखं. पिल्लू नेहमीसारखंच आलं. त्याच्या पुढच्या सकाळी मी मुद्दाम कोट घातला नाही, झोपायच्या कपड्यांवरच वाडगा घेऊन गेले. ते शेडच्या टोकापासून धावत आलं, वाडग्याकडे न बघता आधी माझ्या पायावर बसलं आणि वर बघत राहिलं.

यात माझी आणखी एक चूक आहे. तू म्हणाला होतास, बोलायचं नाही. मी बोलले नाही. पण ते खात असताना मी शेजारी उभी राहून पिशवीची मागची बाजू मोठ्यानं वाचायची. वाचणं म्हणजे बोलणं नव्हे असं मी स्वतःला समजावलं. आता अंगणात कुठेही "कॅल्शियम" म्हटलं की ते कान टवकारून पळत येतं. लिंडसेनं हे पाहिलं आणि हसून हसून कुंपणाला टेकला. मग हसणं थांबवून म्हणाला, "हे पिल्लू तुझ्या बापाचं नाही राहिलं, पोरी. त्याला सांग." त्यानं पिल्लाला कुंपणाआडून चार म्हाताऱ्या मेंढ्या दाखवल्या. ते पोट जमिनीला लावून बसलं, हललं नाही, आणि मग मान वळवून त्यानं माझ्याकडे पाहिलं, आता काय, असं. मला माहीत नव्हतं आता काय. मला तर तुझी दोन बोटांची शिट्टीसुद्धा येत नाही, नुसती हवा जाते.

तुझं पिल्लू मी चोरलं, मुद्दाम नाही, पण चोरलं, असं वाटत मी दोन आठवडे काढले. रविवारी कोटाची घडी घालताना हे आईला सांगितलं. ती म्हणाली, "आता धुतलास काय आणि न धुतलास काय." मग खुर्ची ओढून बसली आणि तिनं सांगितलं. हाड सांधलं तरी तुझा खुबा डोंगर चढणार नाही, बाईकवर बसणार नाही, मेंढ्यांमागे तू आता जाणार नाहीस, हे डॉक्टरांनी तुला स्पष्ट सांगितलंय. मला सांगायचं नाही असं तू तिला बजावलं होतंस, माझी ॲडलेडची नोकरी सुरू होईपर्यंत तरी. मी विचारलं, कधी सांगितलं डॉक्टरांनी? ती म्हणाली, सोमवारी, बावीस जुलैला, तुझा मणका वगैरे सगळं तपासून झाल्यावर. मी कॅलेंडर पाहिलं. तुझा कोटाचा फोन मंगळवारी आला होता, तेवीसला.

तेव्हापासून मी याच एका तारखेत अडकले आहे. तुला सोमवारी कळलं होतं. मग मंगळवारी तू मला कोट का घालायला लावलास? डॉक्टरांवर तुझा विश्वास बसला नव्हता म्हणून? की मी घालावा म्हणून? पहिलं असेल तर मी तुझी शेवटची आशा साबणानं धुतली. दुसरं असेल तर तू मला विचारत होतास, माझ्या जागी मेंढ्यांमागे तू जाशील का, आणि विचारतोयस हे मला कळू न देता विचारत होतास, कारण मुलगी शिकून बाहेर पडली हे तूच दुकानात, शेडमध्ये, चर्चच्या दारात सगळ्यांना सांगत फिरलास. नोकरी मला आवडेल असं मला खरंच वाटतं. आणि ते पिल्लू मान वळवून माझ्याकडे बघतं तेव्हा पळून जावंसंही वाटतं आणि तिथंच उभं राहावंसंही वाटतं. गोणी निवडायला माझ्याकडे तक्ता तरी होता.

म्हणून हे पत्र. शनिवारी त्याचे चौदा आठवडे पूर्ण होतात आणि लिंडसे फाटकाशी येऊन विचारणार आहे. मी त्याला एक दिवस थांबायला सांगितलंय. रविवारी आम्ही तिघं येतोय, आई, मी आणि ते. नर्सशी बोलले आहे, मागच्या बागेत कुत्रा चालतो. कोट आणतेय. स्वच्छ आहे, त्यात आता कुणाचाच वास नाही. दुपारचं खाणं मोजून डब्यात आणेन, तो डबा तुझ्या मांडीवर ठेवीन आणि लांब जाऊन उभी राहीन. तू त्याला हाक मार. नाव सुचलं नसेल तर "कॅल्शियम" म्हण. ते तुझ्याजवळ थांबलं तर तुझं, मग त्याला लिंडसेकडे द्यायचं की ओट्यावर तुझ्या पायाशी ठेवायचं ते तू ठरव, मी सोमवारी ॲडलेडच्या कागदांवर सही करते. पण ते माझ्याकडे वळलं, तर मंगळवारी तू मनात काय धरून फोन केला होतास ते मला तोंडानं सांग, आईदेखत, "बरं बरं" न म्हणता. आणि मनात तेच असेल तर कोट माझ्याकडे परत दे, आणि तिथंच बाकावर बसून मला आधी ती शिट्टी शिकव.

तुझीच,
मेरिन